चौथ्या सिलिंडरचे टॅपेट

दुपारचं जेवण उरकलं, भांडी घासून पालथी घातली आणि मी मागच्या शेडकडे गेले. काम तसं किरकोळ होतं. एका जुन्या बुलडोझरच्या इंजिनाचे उरलेले टॅपेट लावायचे, वरचं झाकण बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचे मालक आले की इंजिन चालू करून त्यांच्या ताब्यात द्यायचं. सवयीच्या माणसाला तासाभराचं काम. मला मात्र त्या शेडचं कुलूप काढायलाच आठ महिने लागले होते.

दार सरकवलं तसा आतला वास अंगावर आला. डिझेल, ग्रीस, तापलेला पत्रा आणि त्याखाली थोडासा यजमानांच्या कामाच्या शर्टाचा. शर्ट अजून खुंटीलाच होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर परत घरात जाऊन आडवी झाले असते, आणि दुसऱ्या दिवशी ते इंजिन शहरातल्या वर्कशॉपला गेलं असतं. तिथले लोक दुसऱ्याच्या कामावर विश्वास ठेवत नाहीत. त्यांनी सगळं पुन्हा नटनट उघडलं असतं. आमच्या मिस्त्रींचं शेवटचं काम परक्या हातांनी उसवलेलं मला चालणार नव्हतं.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, म्हणून चारचौघांत मीही तेच म्हणायचे. घरात आपलं नेहमीचं, मी "अहो" आणि ते "अगं".

तो बुलडोझर आमच्याकडे आला तेव्हा त्याची अगदी रया गेली होती. दगडाच्या खाणीत तीस वर्षं राबलेलं यंत्र. चालू केलं की निळा धूर, रोज डबाभर ऑइल पिणार आणि चढ आला की धापा टाकणार. मिस्त्रींनी इंजिन उघडलं, एका लायनरमध्ये, म्हणजे पिस्टन वरखाली होतो त्या नळकांड्यात, बोट फिरवलं आणि मला म्हणाले, नख लाव इथे. आत चक्क पायरी पडली होती, एवढी झीज. मग दोन महिने ते त्याच्याच मागे होते. नवे लायनर, नवे पिस्टन, नव्या रिंगा. क्रँक घासून आणला, बेअरिंगं बदलली, झडपा एकेक करून हाताने घोटल्या. माणसांवर सतत डाफरणारा हा माणूस नटबोल्टांशी इतकं गोड बोलायचा की कधीकधी मला त्यांचा हेवा वाटायचा.

माझं काम इंजिन फिरवण्याचं. बावीस वर्षं मी तेच केलं. त्याआधी मदतीला ठेवलेला एकही माणूस मिस्त्रींच्या तोंडापुढे आठवडाभर टिकला नव्हता. एकदा असंच कोणीतरी काम टाकून गेलं आणि हे एकटेच शेडमध्ये शिव्या देत बसले, तेव्हा मी गॅस बंद करून आले नि म्हटलं, सांगा काय करायचं ते.

टॅपेट लावणं हे दोघांचं काम असतं. इंजिनाच्या डोक्यावर झडपा असतात, त्यांतून ते श्वास घेतं आणि सोडतं. झडप आणि तिला दाबणारा दांडा, म्हणजे टॅपेट, यांच्यामध्ये कागदाच्या घडीएवढी फट ठेवावी लागते, आणि ती पोलादाच्या पातळ पट्टीने मोजावी लागते. त्या पट्टीला फिलर म्हणतात. प्रत्येक सिलिंडरची फट मोजायला इंजिन हाताने फिरवून ठरावीक खुणेवर आणावं लागतं. मिस्त्री वर, फिलर घेऊन. मी यंत्राखालच्या खड्ड्यात, फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनामागच्या जड चाकाच्या दातांत पहार अडकवून. मला खालून ते दिसत नसत. त्यामुळे आमचे तीन शब्द ठरलेले होते. "पुढे" म्हटलं की फिरवायचं, "बास" म्हटलं की जागच्या जागी धरून ठेवायचं आणि "झालं" म्हटलं की सोडायचं. झालं ऐकू येईपर्यंत पहारीवरचा हात काढायचा नाही. झडपांच्या स्प्रिंगा इंजिनाला मागे रेटत असतात. हात सैल पडला तर इंजिन सरकतं आणि वरच्या माणसाचं बोट सापडतं.

माझा हात त्या कामात बसला होता. बास म्हटलं की बास, केसभर इकडेतिकडे नाही. स्वतः मिस्त्रींना मात्र ते कधीच जमलं नाही. शेजारचे वेल्डर भावजी अजून रंगवून सांगतात, की एकदा ते स्वतः वर बसले नि मिस्त्री खाली, तर मिस्त्री पाच वेळा खुणेच्या पुढे गेले, आणि पाचही वेळा चूक भावजींची निघाली.

आता त्या दिवसाचं सांगते.

सकाळची अकराची वेळ होती. माझ्या तळहाताला फोड आला होता, म्हणून मी जुन्या पिवळ्या अभ्र्याची पट्टी फाडून हाताला गुंडाळली होती. या इंजिनाचा क्रम एक, तीन, चार, दोन असा. पहिला सिलिंडर झाला, तिसरा झाला. मग चौथ्याची पाळी. पुढे म्हणाले, मी फिरवलं. रेडिओवर नुकत्याच बातम्या लागल्या होत्या. वरून आवाज आला, "थांब."

मी थांबले. पहार दाबून धरली आणि पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिले.

बातम्या संपल्या. एक गाणं झालं, दुसरं लागलं. मला वाटलं, यांचा पाना खाली पडला असेल, किंवा चष्मा शोधत असतील. मग मला राग यायला लागला. हात भरून आला होता. वेळ जाईना की मी तर्जनीने पहारीवर टकटक करत असते, तशी करत राहिले. मनातल्या मनात त्यांना बरंच काही बोलले. गॅसवर ठेवलेल्या कुकरचीही आठवण करून दिली. वीसेक मिनिटांनी मी पहार सोडून वर गेले.

ते इंजिनावर वाकलेले होते. कपाळ लोखंडाला टेकलेलं, जणू आतलं काही ऐकताहेत. फिलर बोटांतच होता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्यांच्या मते सगळं एका क्षणात झालं नसावं, थोडा वेळ लागला असेल. त्यांनी सहज सांगितलं, पण तो थोडा वेळ आठ महिने माझ्या उशाशी बसून होता. त्या थोड्या वेळात हा माणूस माझ्यापासून सहा हातांवर होता. त्याने मला शोधलं असेल. आणि मी शहाणी खाली उभी राहून बोटाने टकटक करत होते, कारण पुढचा शब्द आला नव्हता. वेळेवर वर गेले असते तर वाचले असते की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मला ते फार विचारायचंही नव्हतं. मला एवढंच छळत होतं, की ते एकटे गेले.

तर आठ महिन्यांनी शेड उघडली त्या दुपारी मी वेल्डर भावजींना सांगून ठेवलं होतं, की जेवून या, पहार तुम्ही धरा, मी वर बसते. भावजींना कानाने कमी ऐकू येतं, पण खड्ड्यात मोठ्याने बोललं की समजतं. ते यायच्या आत जरा पुसून घ्यावं म्हणून मी बुलडोझरच्या पट्ट्यावर पाय देऊन वर चढले. कामासाठी बावीस वर्षांत पहिल्यांदाच. वरून इंजिन इतकं स्वच्छ आणि नीटस दिसत होतं की मला भरून आलं. मिस्त्री ज्या बाजूला बसायचे तिथे माझ्याने बसवेना. मी पलीकडच्या बाजूला, अवघडून, एक पाय लोंबकळत ठेवून बसले.

मी पहार सोडून गेले होते, तरी चौथा सिलिंडर त्या दिवशी जिथे थांबला होता तिथेच होता. मी फिलर घातला. ओल्या बोटांतून कागद ओढावा तसा ओढला गेला पाहिजे, असं ते नेहमी सांगायचे. पुढची झडप जमली. मागच्या झडपेपर्यंत माझा हात त्या बाजूने पोचेना. ती नंतर बघू म्हटलं. आता दुसऱ्या सिलिंडरची पाळी, आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "पुढे."

इंजिन फिरलं.

आधी खालून पहारीचा दातांत बसल्याचा आवाज आला, मग आत ऑइल चोखल्यासारखा. एका झडपेतून हवा फुसकन सुटली. खुणेवर आलं तसं मी बास म्हटलं. थांबलं.

भावजी आले वाटतं, असं म्हणून मी हाक मारली. उत्तर नाही. त्यांच्या कानांचं माहीत असल्याने मला त्यात नवल वाटलं नाही. दुसऱ्याचे दोन्ही टॅपेट लावले. मग पद्धतीप्रमाणे सगळे पुन्हा एकदा तपासून घ्यायला सुरुवात केली. पुढे, बास. पहिला बरोबर. पुढे, बास. इंजिन अगदी मुकाट्याने, केसभरही न चुकता खुणेवर येत होतं. भावजी, तुमचा हात आमच्या मिस्त्रींपेक्षा बरा आहे हो, असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा.

"वहिनी, जरा डोळा लागला," दारातून आवाज आला. "लावू या का हाताला हात?"

वेल्डर भावजी उन्हात उभे होते. केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ. हात स्वच्छ.

मी त्यांच्याकडे पाहिलं, मग इंजिनाकडे. इंजिन खुणेवर धरलेलं होतं. सोडलं असतं तर ते मागे सरकलं असतं. ते सरकत नव्हतं.

मी भावजींना सांगितलं, की मला अजून थोडं पुसायचंय, तुम्ही घरात जाऊन चहा टाका, साखर खालच्या फळीवर आहे. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. भावजी बिचारे गेले.

उन्हाने पत्रा मधूनच कडकन वाजत होता. मी पुढे झुकून हळूच म्हटलं,

"अहो..."

मी फिलर मांडीवर ठेवला.

"तुम्ही आहात ना..."

मग मी अगदी पुटपुटल्यासारखं "पुढे" म्हटलं. आणि इंजिन फिरलं, सावकाश, झोपलेल्या माणसाने कूस बदलावी तसं. बास म्हटल्यावर थांबलं.

मला रडू फुटलं, आणि खरं सांगायचं तर हसूही आलं. भीती वाटली नाही असं नाही, पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी मोठं होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी कोणाशी तरी मनातलं बोलले. म्हटलं, एवढं नीट फिरवायला कधी शिकलात? जिवंतपणी कधी जमलं नाही ते? म्हटलं, मुलगी रोज फोन करते, तुमचा शर्ट अजून धुतलेला नाही, घरातली घड्याळं मी दोनदा बंद पडू दिली. आणि शेवटी जे विचारायचं होतं तेही विचारलं, की त्या दिवशी तुम्ही माझी वाट पाहिलीत का हो.

खाली जे कोणी होतं ते नुसतं धरून उभं होतं.

माझ्या लक्षात तेव्हाच यायला हवं होतं. बावीस वर्षांत ज्या माणसाला बासवर थांबता आलं नाही, तो आता कसा थांबेल? मरणाने माणसाचा हात सुधारतो असं काही मी ऐकलेलं नाही. पण मला ते मिस्त्रीच हवे होते, म्हणून मी तिकडे कानाडोळा केला.

तिसराही तपासून झाला. फिरता फिरता पुन्हा चौथा आला. त्याची मागची झडप राहिली होती आणि ती फक्त मिस्त्रींच्याच बाजूने हाताला येत होती. मी उठले आणि त्यांच्या जागेवर जाऊन बसले. गुडघे टेकायला त्यांनी तिथे पोत्याची घडी ठेवली होती, ती अजून तशीच दबलेली होती. झडपेपर्यंत हात पोचवायला इतकं वाकावं लागत होतं की माझं कपाळ लोखंडाला टेकलं. त्यांचं टेकलं होतं तिथेच.

आणि त्या जागेवरून, फक्त त्याच जागेवरून, इंजिन आणि चौकट यांच्यामधली एक चार बोटांची फट दिसते. तिच्यातून नजर थेट खाली जाते. बावीस वर्षं मी खाली उभी राहिले, मला ती फट माहीतच नव्हती.

फटीच्या तळाशी पहार होती. पहारीवर एक हात होता.

तो मिस्त्रींचा हात नव्हता. लहान होता, बायकी होता. तळहाताला पिवळ्या अभ्र्याची पट्टी गुंडाळलेली होती. ती पट्टी मी त्या दिवशी रात्री स्वतःच्या हाताने चुलाण्यात घातली होती. मनगटापर्यंतच दिसत होतं, पुढे खड्ड्याचा अंधार. आणि त्या हाताची तर्जनी पहारीवर सावकाश वाजत होती. टक... टक... टक...

मी माझा हात पाहिला. तो माझ्यापाशीच होता, फिलर धरलेला. मग पुन्हा खाली पाहिलं. तोही माझाच होता.

किती वेळ मी तशी वाकून राहिले, सांगता येणार नाही. नजर काढवत नव्हती. कारण एक गोष्ट मला कळत होती, हळूहळू, थंडीत बधिर झालेल्या बोटांत ऊब परत येते तशी. कपाळ टेकून ते शेवटचे जे पाहत होते, ते हे होतं. त्यांनी मला शोधलं नव्हतं. शोधायची गरजच नव्हती. मी त्यांच्या डोळ्यांसमोर होते. रागावलेली, कंटाळलेली, बोटाने टकटक करणारी, पण होते.

आणि तो शब्द. आठ महिने मी तो मनात घोळवत होते आणि मला साधी गोष्ट सुचली नव्हती. कामात ते मला कधीच थांब म्हणत नसत. कामातला शब्द बास. थांब हा घरातला. चहाचे कप उचलून मी निघाले, की ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "थांब जरा." काही काम नसायचं. नुसतं बसून राहायचं.

त्या दिवशी त्यांनी इंजिनाला थांबवलं नव्हतं. मला म्हणाले होते, जाऊ नकोस. आणि मी गेले नव्हते. हात भरून आला तरी सोडला नव्हता.

मी खूप रडले. मग डोळे पुसून मागच्या झडपेची फट लावली, नट आवळला, पुन्हा एकदा फिलर ओढून पाहिला. बरोबर होतं. माझा हात बाहेर काढला. खाली बोट वाजतच होतं, टक... टक... मला तिची दया आली. आठ महिने ती तिथे उभी होती. रडून रडून माझा घसा बसला होता. त्या बसक्या आवाजात मी म्हटलं,

"झालं."

बोट थांबलं. हात पहारीवरून सुटला, बधिर झाल्यावर मी जशी बोटं ताणते तशी एकदा ताणली गेली आणि फटीतून दिसेनासा झाला. पहार खड्ड्यात खणकन पडली. तेवढा आवाज भावजींनाही ऐकू आला. ते चहाचे पेले घेऊन आले, खड्ड्यात डोकावले आणि पहार उचलून त्यांनी भिंतीला लावून ठेवली. चहात साखर विसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाणवाले मालक ड्रायव्हरला घेऊन आले. इंजिन दुसऱ्याच हिसक्याला लागलं. आधी थोडा धूर, मग स्वच्छ, एका सुरात. खाणवाले डोक्याला रुमाल बांधून बराच वेळ नुसते ऐकत उभे होते. मिस्त्री गेल्यापासून माझ्याशी काय बोलावं हे त्यांना कळत नसे. त्या दिवशी एवढंच म्हणाले, की हे त्यांचंच काम आहे, आवाजावरून समजतं. त्या रात्री मी गाढ झोपले. शर्ट धुतला.

हे इथपर्यंत मी भावजींना सांगितलंय, मुलीलाही सांगितलंय. मुलीने जवळ घेतलं आणि डॉक्टरकडे जाऊ या म्हणाली. पुढचं मात्र दोघांनाही सांगितलेलं नाही.

मिस्त्री गेले त्या दिवशी मी आपण होऊन वर गेले नव्हते. झालं ऐकल्याशिवाय मी पहार सोडणारी नव्हेच, तास गेला असता तरी. दुसरं गाणं चालू असताना वरून एका बाईचा आवाज आला. बसका, रडून थकलेला. ती म्हणाली, "झालं." मी हात काढला, बोटं ताणली. मला वाटलं, शेजारचं कोणी आलंय. मग तीच बाई पुढे म्हणाली, "ये आता वर. आम्ही दोघं आहोत."

मी वर गेले तर फक्त मिस्त्री होते.

इतके महिने मी स्वतःला सांगत होते, की तो धक्क्यातला भास असेल. त्या दुपारी शेडमध्ये माझ्याच घशातून तो आवाज निघाला, तेव्हा मला तो ओळखू आला. पण मी नुसतं झालं म्हटलं. पुढचं वाक्य मी अजून म्हटलेलं नाही. कसं म्हणणार, वर मी एकटीच होते.

नव्याने बांधलेलं इंजिन पन्नास तास चाललं की टॅपेट पुन्हा एकदा तपासून घ्यावे लागतात. काल खाणवाल्यांचा निरोप आला, पन्नास होत आलेत, बुलडोझर शुक्रवारी शेडच्या खड्ड्यावर आणून लावतो, तुम्हाला जमेल का. मी हो म्हणून कळवलंय.